बुवांची जागा

या, अंमळ पुढं सरा. तिकडे खांबाला टेकून बसलात तर मला ओरडावं लागेल, आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. गोष्ट एका गाण्याची आहे. मला गाणं कसं ऐकायचं ते ठाऊक नव्हतं, आणि शिवदासबुवांना ते ठाऊक असून ऐकू येत नव्हतं, त्या आम्हा दोघांची आहे. आधीच सांगून ठेवतो, यात चमत्कार नाही. व्हावा म्हणून मी रामेश्वरापुढं तीन सोमवार नारळ ठेवला होता. पण देवाला दुसरी कामं असतील.

मी चौलचा रावजी. नारळीपोफळीची वाडी, एक विहीर, तिच्यावर रहाट. रहाटाला जुंपायला एक रेडा, तो माझ्यापेक्षा शहाणा. संसारात दुसरं वेड नाही, कीर्तनाचं मात्र फार. वाडीचं शिंपणं उरकलं की देवळात जाऊन सतरंजी घालायची, समईत तेल घालायचं, बुवांसाठी हार गुंफायचा आणि सगळ्यांच्या पुढं, अगदी बुवांच्या पायाशी बसायचं. कथा ऐकावी तर आमच्या शिवदासबुवांची. कृष्णाचं बोट कापलं असं ते म्हणाले की सभामंडपातल्या बायका आपापली बोटं दाबून धरत. सुदाम्याची पुरचुंडी सुटली की मला पोह्यांचा वास येई. खोटं नाही सांगत.

पण बुवा गायला लागले की माझं चित्त उडे. गाणं म्हणजे मला कथेच्या दारातली पायरी वाटायची. ती ओलांडायची आणि आत जायचं. बुवा एखाद्या पदावर रेंगाळले, डोळे मिटून वरखाली करू लागले, की मी मनात म्हणे, चला बुवा, सुदामा तिकडे खोळंबलाय.

पंचावन्न सालच्या गोकुळाष्टमीला ते झालं. पूर्वरंगातलं पद चाललं होतं. पेटी एका सुरात आणि बुवा दुसऱ्यात. गाण्यातलं काही न कळणाऱ्या मलाही भातात खडा लागल्यासारखं झालं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पेटीवाल्या विठोबानं भाता हलवायचा थांबवला. बुवांनी डोळे उघडले, त्याची थांबलेली बोटं पाहिली, आणि गाता गाता गप्प झाले. त्यांना पेटी थांबलेली ऐकू आली नव्हती. ती दिसली होती.

त्यांनी कथा पुरी केली, नुसती बोलून. आरतीनंतर चिपळ्या देवापुढं ठेवल्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की शिरा सुकत चालल्यात, औषध नाही. वर्षभरात राहिलंसाहिलं ऐकणंही गेलं. मग त्यांच्या ओटीवर पाटी आली. आपण पाटीवर लिहायचं, त्यांनी वाचायचं आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते एवढ्या मोठ्यानं बोलत की रस्त्यानं जाणारा वळून बघे.

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात एकदा गेलो तर बुवा हातात कार्ड घेऊन बसले होते. तरुणपणी ते सांगलीकडे एका गवयांकडे शिकायला होते. तिथल्या त्यांच्या गुरुबंधूचं कार्ड. हा गुरुबंधू सदाशिव वाळंजकर. पण बुवांच्या तोंडी तो सदूच. सदूनं लिहिलं होतं, ‘दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता रेडिओवर अर्धा तास तोडी गात आहे. ऐकावे.’

बुवा त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून बसले होते.

“त्याला ठाऊक नाही,” बुवा म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, ‘कळवू?’

“नको. उगाच त्याचा सूर हलेल.” मग त्यांनी कार्ड मांडीवर पालथं ठेवलं. म्हणाले, “रावजी, आमच्या गुरुजींनी मला आणि सदूला एक जागा दिली होती. तीस वर्षं होऊन गेली. ती सदूकडे अजून आहे की गेली, एवढं मला कळायला हवं.”

आता बघा, मी वाडीवाला माणूस. लिहिलं, ‘कुठे?’

“तोडीत.”

हे गाव माझ्या ऐकण्यात नव्हतं. मी लिहिलं, ‘तोडी म्हणजे मिरजेच्या अलीकडे का पलीकडे? किती गुंठे?’

बुवांनी पाटी वाचली. आधी काही समजलं नसावं. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, असं की डोळ्यांतून पाणी. आतून काशीवहिनी, म्हणजे बुवांच्या घरच्या, हात पुशीत उंबऱ्यापर्यंत आल्या. तीन वर्षांत हे घर असं हसलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“अरे वेड्या, तोडी हा राग. सकाळचा राग. आणि जागा म्हणजे गाण्यातली जागा. गाताना सुरांच्या मधे टेकायला, वळायला एखादं ठिकाण सापडतं, जिथं आधी कुणी थांबलेलं नसतं. मग गवयी तिथं थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या काळजात हलतं. त्याला जागा म्हणतात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुजींची तोडीतली एक चीज होती, ‘तीर न पायो’. मला वाटलं रामाचा बाण हरवला. बुवा म्हणाले, बाण नव्हे, काठ. नाव पाण्यात आहे आणि काठ सापडत नाही. त्या ‘तीर’वर गुरुजी गंधाराला नुसते टेकत, खाली उतरत आणि परत त्याच गंधारावर येत. पण परत आलेला गंधार आधीचा नसे. केसभर खाली असे. आयुष्यभर गाऊन म्हातारपणी त्यांना ती जागा सापडली. एका सकाळी या दोघांना समोर बसवून म्हणाले, “माझी इस्टेट एवढीच. पोरांनो, वाटून घेऊ नका, दोघांनी अख्खी घ्या.” त्या वर्षीच गुरुजी गेले. पुढं बुवांचे वडील वारले, बुवा चौलला आले आणि कीर्तनाला उभे राहिले. कीर्तनात त्या जागेचं काम नव्हतं. पण रोज सकाळी आंघोळीआधी ते एकदा ती चीज म्हणत, जागा जागेवर आहे ना ते बघत.

“आता माझं दार बंद झालं. सदूकडे नसेल तर ती गेलीच रे.”

‘पत्रानं विचारू या की,’ मी लिहिलं.

“विचारलं की तो आठवून गाईल. न विचारता गातो का, ते मला हवंय.” बुवांनी माझा हात धरला. “तुझे कान दे मला. दोन महिने आहेत.”

मी पाटी ओढून लिहिलं, ‘बुवा, मला गाणं कळत नाही. विठोबाला सांगा, तो पेटीवाला.’

“विठोबा माझं मन राखायला हो म्हणेल. तुला गाणं कळत नाही, पण तू लबाडी करायचा नाहीस.”

आता याला काय म्हणावं? पुढं बसून बसून मी हे ओढवून घेतलं होतं.

रेडिओ रेवदंड्याला वहाबचाचांकडे होता. चाचा सुपारीचे व्यापारी, माझी पोफळं त्यांच्याकडेच जात. त्यांचा भाऊ बोटीवर होता, त्यानं तो बॅटरीवरचा पेटाऱ्याएवढा रेडिओ आणलेला. चाचा तो बातम्या आणि बाजारभावापुरता लावत. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा दाढी खाजवत म्हणाले, “बुवांसाठी? या अल्ला, मग बॅटरी गेली तरी हरकत न्हाय. बस.”

पहिल्या दिवशी कुणी मोठे गवयी गात होते. मी मांडी घालून, हात जोडून बसलो. ते एक ओळ म्हणाले. पुन्हा तीच म्हणाले. पाव तास झाला.

मी हळूच विचारलं, “चाचा, हे कथेला कधी हात घालणार?”

“मला काय विचारतोस? तुमचे लोक हायत.” चाचांनी कान पेटाऱ्याला लावला. “बारा वेळा तोच शब्द झाला. गाडी चिखलात रुतली वाटतं.”

मागनं खतिजाभाभी पडद्याआडून म्हणाल्या, “रुतली न्हाय, त्याला तिथंच ऱ्हायाचंय.”

“तुला फार कळतं!” चाचा म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

त्या हसण्याची मला पुढं फार लाज वाटली, पण ती पुढची गोष्ट.

बुवांच्या ओटीवर जाऊन मी लिहिलं, ‘एकच ओळ गायले. पुढं गेलेच नाहीत.’

“दर वेळी तीच होती?”

‘तीच.’

“नव्हती. तू सुदामा द्वारकेला पोचला की नाही एवढंच बघतोस. तो कुठल्या वाटेनं चालला ते बघ. ओळ परत येते तेव्हा कुठून येते, दमून येते का हसत येते, ते बघ. कथा तीच आहे रे. बोलत नाही एवढंच.”

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. पण वाडीत शिंपायला गेलो तर रहाटाकडे बघत राहिलो. रेडा त्याच वाटेनं फिरत होता, तीच गाडगी वर येत होती, आणि दर वेळी पाणी नवं. मी तिथंच बसलो. म्हटलं, देवा, एवढं तरी दाखवलंस.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी रेवदंड्याला जाऊ लागलो. आधी तबल्याची सम सापडली. ठोका जिथं पडतो तिथं मान आपोआप खाली जाते, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. चाचांचीही मान जायला लागली. पेटारा बंद करताना ते हटकून विचारत, “काय रं रावजी, मिळाली का तुझी जागा? कब्जा घेतलास?”

जागा मात्र मिळेना. त्यासाठी आधी ती माझ्या कानात बसायला हवी होती, आणि ती बसवणार बुवा. रोज सकाळी ते ओटीवर बसत, एक हात स्वतःच्या छातीवर ठेवत आणि ‘तीर न पायो’ म्हणत. ‘तीर’ आला की डोळ्यांनी मला खूण करत. मग मी म्हणे. माझा गळा म्हणजे रहाटाचा तेल न घातलेला कणा. बुवा माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवत आणि माझ्या तोंडाकडे बघत. बघून बघून शेवटी विचारत, “बरोबर आलं का रे?”

मला विचारत! मी काय सांगणार? शिकवणाऱ्याला ऐकू येत नाही आणि शिकणाऱ्याला कळत नाही, असे आम्ही दोघं दोन महिने ओटीवर बसून होतो. दहा वेळा, वीस वेळा. त्यांनी म्हटलेलं मी घोकत गेलो. वाडीत घोकलं, विहिरीवर घोकलं. घरी आमची येसू म्हणायची, “अहो, कोकरू चुकल्यासारखं काय करताय?”

एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि येऊनही येत नव्हती. बुवा गायला लागले की आत काशीवहिनींच्या विळीचा आवाज थांबे. नारळ खवत असल्या तर खवणं थांबे. बुवांचा ‘तीर’ होऊन गेला की पुन्हा सुरू. मी समजलो, नवऱ्याचा सूर असा झाला म्हणून त्यांना सोसवत नाही. एकदा चहा ठेवताना त्या म्हणाल्या, “रावजीभावजी, हे तुम्हाला शिकवतात ना, त्यात तो...”

“काय वहिनी?”

त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा आमच्या ओठांकडेच बघत होते.

“काही नाही. तुमची पोफळं वाळली का?”

तो मंगळवार आला. बुवांनी मला तीन सुपाऱ्या दिल्या. म्हणाले, “उजव्या मुठीत धर. जागा आली की एक डाव्या हातात घे. पुन्हा आली की दुसरी. मला पाटी नको, नुसते हात दाखव.” त्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कीर्तनाला उभं राहायचं असावं तसं.

चाचांनी नवी बॅटरी बसवली होती. गिऱ्हाइकांना परत पाठवलं. साडेआठला रेडिओवर बाई बोलल्या, ‘पंडित सदाशिव वाळंजकर’. चाचा म्हणाले, “हाच काय तुमचा सदू? पंडित झाला की!” मी त्यांना गप्प केलं आणि मूठ आवळली.

सदूंनी सूर लावला. मी कान टवकारून बसलो, कुंपणाशी चोर येणार म्हणून बसावं तसा. ‘तीर न पायो’ म्हणाले. माझ्या डोक्यात बुवांची जागा तयार होती, तिच्या मापानं मी ऐकत होतो. पहिला ‘तीर’ गेला. ही नव्हे. दुसरा गेला. ही नव्हे. तिसरा.

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कितव्या आवर्तनात ते ठाऊक नाही. तो गवयी पाण्यात पाय घालावा तसा हलकेच कुठंसा टेकला, खाली गेला, आणि परत आला तो काठाला न लागताच. आणि मी बसल्या जागी सुटलो. मूठ, सुपाऱ्या, बुवा, काही राहिलं नाही. कथा नाही, सुदामा नाही, कुणी दुःखी नाही, कुणाचं बोट कापलं नाही, आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. देवाच्या दारात इतकी वर्षं बसलो, पण असा आत कधी गेलो नव्हतो.

“रावजी! अरे, रडतोस काय? संपलं कवाच!”

चाचा मला हलवत होते. रेडिओवर कुणी भाताच्या बियाण्याबद्दल बोलत होतं. मी मूठ उघडली. तिन्ही सुपाऱ्या उजव्या हातात, घामानं ओल्या.

“चाचा,” मी म्हणालो, “आली का हो? तुम्ही तर ऐकत होतात.”

चाचांचा चेहरा कसानुसा झाला. “मी काय वळखणार? मी तर तुझ्याकडं बघत होतो.”

रेवदंड्याहून चौलला यायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. वाटेत दोनदा वाटलं, एक सुपारी डाव्या हातात घ्यावी. एकच. कुणाचं काय बिघडतं? बुवा सुखानं झोपतील. पण त्यांनी मला ज्यासाठी निवडलं होतं ते तेवढंच होतं. दोन्ही वेळा सुपारी परत उजवीकडे गेली.

बुवा बेड्यापाशीच उभे होते. आपल्या अंगणाच्या फाटकाच्या त्या आडव्या बांबूवर हात ठेवून.

“आली?”

मी दोन्ही हात पुढं केले. डावा रिकामा.

त्यांनी माझा रिकामा तळवा चाचपला. “एकदाही नाही?”

पाटी ओटीवर होती. मी धावत जाऊन लिहिलं, ‘मला कळलं नाही. मी भान विसरलो. रडलो.’

“आली असती तर कळलं असतं. तेवढं तुला शिकवलं होतं मी.” रागावलेच असते तर बरं झालं असतं. हळू बोलले, इतकं हळू की बहिरे झाल्यापासून तसं बोललेच नव्हते. “सदूचंही बरोबर आहे. मैफलींच्या गर्दीत कुठं सांभाळणार?” मग माझ्या हातातल्या सुपाऱ्या घेतल्या, पानाच्या तबकात टाकल्या आणि आत गेले.

चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. तोंड दाखवायला तोंड नव्हतं. पाचव्या दिवशी येसूनं बळंच नारळ देऊन पाठवलं. मी पुढच्या ओटीवर न जाता मागीलदारी गेलो. आत काशीवहिनी विळीवर नारळ खवत होत्या, पाठमोऱ्या. आणि खवता खवता तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या.

मी नारळ खाली ठेवायला वाकलो तो तसाच राहिलो. डोळ्यांना पाणी आलं, अगदी त्याच वाटेनं. टेकलं, खाली गेलं, परत आलं, काठाला लागलं नाही. मंगळवारी मी जिथं बुडालो होतो ते ठिकाण हेच. हेच.

“वहिनी!”

त्या दचकून उठल्या, पदर सावरला. “अगं बाई, भावजी! मागनं कसे?”

“हे काय म्हणत होतात?”

“काही नाही हो. सवय आपली.”

“ती बुवांची जागा आहे.”

त्या खाली बघू लागल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी ऐकलीय. चूल पेटायची आणि त्यांचा ‘तीर’ व्हायचा. कानात बसणारच की.”

“पण बुवा मला शिकवत होते ती अशी नव्हती.”

“नव्हतीच. तेच सांगणार होते तुम्हाला. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांचा तो सूर वर सरकलाय. अगदी थोडा. पण जागा तेवढ्यातच होती ना.”

मी मागीलदारीच पायरीवर बसलो. म्हणजे सदूंनी ती गायली होती. मी ऐकली होती, एवढी ऐकली होती की त्यात गेलो होतो. आणि चुकीचं माप हातात घेऊन तिला ओळखत नव्हतो. आणि बिनचूक माप दोन महिने आमच्यापासून एका भिंतीपलीकडे बसून नारळ खवत होतं. चाचांच्या पडद्याआडून भाभी बोलल्या त्यावर आम्ही हसलो होतो, ते मला तेव्हा आठवलं.

“वहिनी, तुम्ही का आला नाहीत रेडिओ ऐकायला? तुम्हाला झटक्यात कळलं असतं.”

“मला कुणी विचारलं?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या म्हणाल्या.

मी त्यांना बळंच पुढं ओटीवर आणलं. बुवा सुपारी कातरत होते. मी पाटीवर घाईघाईनं लिहिलं, ‘जागा आली होती. सदूंनी गायली. वहिनींना ती येते, त्यांच्याकडून मी आता ओळखली.’

बुवांनी वाचलं. अडकित्ता खाली ठेवला.

“रावजी, तू लबाडी करू नकोस. त्या दिवशी नाही म्हणालास.”

‘देवाशपथ.’

“देवाला मधे आणू नको. माझी दया आली म्हणून आलास ना? आणि हिला काय येतं? ही कधी गायली?”

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांना कळत नव्हतं, पण बुवांचं बोलणं सगळ्या आळीला ऐकू जात होतं. मला वाटलं त्या आत जातील. पण त्या पुढं आल्या. माझ्यादेखत बुवांसमोर बसल्या, त्यांचा उजवा हात उचलला आणि त्याची बोटं आपल्या गळ्यावर ठेवली. आमच्या गावात असं कुणी कधी केलं नसेल. आणि त्यांनी ‘तीर न पायो’ म्हटलं. सबंध म्हटलं. जागा आली. माझ्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं.

बुवांचे डोळे मिटलेले होते. बोटं गळ्यावर. वहिनी थांबल्या तरी त्यांनी हात काढला नाही.

“हलतंय,” ते म्हणाले. “गळा हलतोय. पण सूर कुठला आहे ते बोटांना कसं कळायचं गं?”

मी खडू उचलला. काय लिहिणार होतो? ‘तोच आहे’ असं? ते मी एकदा लिहिलंच होतं. खडू परत ठेवला.

बुवांनी डोळे उघडले, वहिनींकडे बघितलं, पहिल्यांदाच भेटल्यासारखं. “तू गातेस?”

वहिनींनी मान हलवली.

“केव्हापासून?”

हे पाटीवर लिहिता येण्याजोगं नव्हतं, आणि लिहायचं असतं तरी ते माझं काम नव्हतं. मी उठलो, बेडं ओलांडलं आणि माझ्या वाडीत आलो. रेडा जुंपला. पुढं त्या दोघांत काय झालं मला ठाऊक नाही.

बुवांनी तो विषय माझ्याकडे पुन्हा काढला नाही. माझं त्यांना खरं वाटलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या चैत्रात रामनवमी झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

वहिनी आणखी सहा वर्षं होत्या. मी त्यांना म्हणत असे, “कुणाला तरी देऊन ठेवा हो ती जागा.” त्या म्हणत, “कोण मागतंय?” मी मागितली. त्यांनी मला मागीलदारी बसवून पुष्कळ शिकवली. ऐकताना मला अगदी कळते. गळ्यातून मात्र अजून बुवांचीच बाहेर येते, ती वर सरकलेली. ती चुकीची आहे हे मला समजतं आणि तीच येते. काय करणार?

आता तुमच्याकडे घरोघर रेडिओ आलेत. सकाळी कुणी एकच ओळ घोळवत बसलेला ऐकलात तर कथा कधी लागणार म्हणून उठून जाऊ नका. थोडं थांबा. राग कुठला, सूर कुठला, ते नाही कळलं तरी बिघडत नाही. एखाद्या ठिकाणी काही कारण नसताना डोळे भरून आले, तर एवढं करा माझ्यासाठी. तिथं एक क्षण आमच्या काशीवहिनींची आठवण काढा. बुवांना मी रोज देवापुढं आठवतो, त्यांची काळजी नाही. वहिनींना तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.